एका हातात मावेल एवढा

बाबांनी खिशातून मोजायची टेप काढली आणि भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत, काउंटरवरच्या फोनची काच मोजायला घेतली.

"बाबा, प्लीज!" त्यांची धाकटी लेक, रेडिओ, दातांतल्या दातांत म्हणाली.

"थांब गं. ह्याच्यावर साडेसहा लिहिलंय आणि उभी मोजली तर सहासुद्धा भरत नाही. काय हो, उरलेली कुठे खाल्लीत?"

"दादा, फोनची काच तिरकी मोजतात," दुकानदार हसू दाबत म्हणाला. "ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"तिरकी? मी कुणाची खिडकी तिरकी मोजली ना, तर तो मला सरळ करेल!"

बाबा खिडक्यांना काचा बसवायचे. जगातल्या कुठल्याही वस्तूत त्यांना आधी काच दिसायची, मग ती वस्तू. आणि काच जितकी मोठी तितकी तडकायची घाई तिला जास्त, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. त्यामुळे त्यांचं मत होतं, फोन लहानच घ्यावा. आईचं मत होतं, दुकानात असेल नसेल तेवढ्यातला सगळ्यात मोठा घ्यावा. आणि जिच्यासाठी हा सगळा घोळ चालला होता ती ताई शेजारी उभी राहून एकेक फोन हातात घेत होती, अंगठा फिरवून बघत होती आणि खाली ठेवत होती.

ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची. शाळेत शिकलेल्या खुणा होत्याच, पण त्याहून जास्त खुणा तिने आणि आईने लहानपणी घरातच घडवल्या होत्या. नाकाखाली बोट आडवं फिरवलं की बाबा. कानापाशी चिमूट सुरू-बंद-सुरू केली की धाकटी, म्हणजे रेडिओ. बाबांनी दिलेलं हे नाव पोरीला असं चिकटलं होतं की शेजारीपाजारीही तिला त्याच नावाने हाक मारायचे, कारण सकाळी डोळे उघडल्यापासून ती जी लागायची ती रात्री झोपेपर्यंत. "देवाने थोरलीच्या वाट्याचा आवाजही हिलाच देऊन टाकला," असं आई म्हणायची.

आता ताईला नोकरी लागली होती. दुसऱ्या गावी, चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात. भिंगं उजेडासमोर धरून ओरखडा, बुडबुडा शोधायचा. राहायला कारखान्याचंच वसतिगृह. पत्र आल्यापासून आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी बाबांच्या मिनतवारीने ती एकदाची तयार झाली, पण अट घालून. रोज संध्याकाळी व्हिडिओवर ताईचं बोलणं तिला दिसलं पाहिजे. नीट, पूर्ण दिसलं पाहिजे. ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवशी नोकरी गेली खड्ड्यात, पोरगी घरी.

म्हणजे ताईचं जाणं-राहणं आता एका काचेच्या मापावर येऊन ठेपलं होतं.

"मुद्दा पहिला," रेडिओने काउंटरवर बोट आपटलं. गेल्या महिन्यात शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिने पहिला नंबर काढला होता आणि तेव्हापासून घरात दूध उतू गेलं तरी ती मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा करूनच सांगायची. "बोलणं दिसायला हवं. मोठ्या पडद्यावर जास्त दिसतं. म्हणजे मोठा फोन. मुद्दा दुसरा, आईचे डोळे. मुद्दा तिसरा, लहान फोन आता वापरतं कोण?"

"तुझी आई वापरते," बाबा म्हणाले.

"तो फोन नाही बाबा, ती काडेपेटी आहे!"

"मूर्ती लहान, कीर्ती महान. चार वेळा पडलाय, एक चरा नाही. आणि हा बघ." त्यांनी मोठा फोन तळहातावर तोलला. "नाकापेक्षा मोती जड. हा घेऊन पोरीने काय मनगटाला फळी बांधायची?"

"अहो, तुम्ही गप्प बसा. ती बरोबर बोलतेय," आई म्हणाली.

झालं! आईने आपली बाजू घेतली म्हटल्यावर रेडिओला चार पंख फुटले. नेमकं तेव्हाच ताईने तिचा दंड हलवला. ताईच्या डाव्या हातात कोपऱ्यातला एक बुटका, जुनाट दिसणारा फोन होता. चार बोटं मागे, अंगठा पुढे, मुठीत बसल्यासारखा. उजव्या हाताने ती म्हणाली, "हा." आणि पुढे काहीतरी बोलू लागली.

रेडिओने 'हा' पाहिलं. पुढचं पाहिलं नाही. तिचा चौथा मुद्दा जिभेवर आला होता आणि दुकानदार तिच्याकडे कौतुकाने बघत होता, म्हणून तिने मान फिरवली.

"त्या काय म्हणतायत?" दुकानदाराने विचारलं.

"तिलाही मोठाच आवडलाय," रेडिओ म्हणाली, आणि हे इतक्या ठणठणीत आवाजात म्हणाली की क्षणभर तिला स्वतःलाही ते खरं वाटलं.

ताईने लहान फोन जागेवर ठेवला.

आता, ह्या घरात एकच कडक नियम होता. भांडा, रुसा, भांडी आपटा, पण समोरचं माणूस हातांनी बोलत असताना नजर काढायची नाही. इतरांच्या घरी कुणाच्या तोंडावर हात दाबावा, तसं होतं ते. रेडिओ लहान असताना एकदा भांडणात तिने ताईसमोर डोळे घट्ट मिटून घेतले होते. तेव्हा आई रागावली नाही, ओरडली नाही. तिने रेडिओला जेवायला वाढलं, अंथरूण घातलं, पण झोपेपर्यंत तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. रेडिओने कानाला खडा लावला होता.

दुकानातून बाहेर पडताना तो खडा तिला जरासा टोचला. पण मोठ्या फोनचा खोका तिच्याच हातात होता आणि त्याच्यावर इतकं गुळगुळीत वेष्टन होतं की ते सोडवायच्या नादात टोचणी विरून गेली.

त्याच संध्याकाळी तालीम झाली. ताईला गच्चीवर पाठवलं. नवा फोन आईच्या हातात, कारण आईला दिसतंय की नाही तेच तर बघायचं होतं. मग ताईने काय न्यायचं? आईची काडेपेटी. ताई गच्चीच्या कठड्याला टेकून, डाव्या मुठीत तो छोटा फोन लांब धरून, उजव्या हाताने भराभर बोलली. पाणी भरलंय, टाकीवर मांजर बसलंय, बाबांची बनियन उडून शेजाऱ्यांच्या तारेवर गेलीय. काही हवंय का, मी येऊ का खाली? मोठ्या काचेवर बोट न् बोट दिसत होतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी ताईच्या पद्धतीने टाळ्या वाजवल्या, म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे हलवले. अट पास!

आणि मग ह्या चार शहाण्यांनी काय केलं, तर मोठा फोन ताईचा म्हणून ताईच्या पिशवीत भरला आणि छोटा आईचा म्हणून आईकडे ठेवला. परीक्षा एका फोनची घेतली आणि पाठवला दुसराच, हे चौघांपैकी तिघांच्या लक्षात आलं नाही. चौथीच्या आलं असावं. ती फोन पिशवीत ठेवताना जरा थांबली होती. पण आई त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसली होती, म्हणून ताईने चेन ओढून पिशवी बंद केली.

वसतिगृहात ताईच्या वाट्याला दुमजली खाटेची वरची खाट आली. खोलीत चौघी, टेबल एक, आणि त्यावर कायम कुणाचे तरी डबे, इस्त्री, आरसे. वरच्या खाटेवर फोन टेकवायला ना भिंतीला कोनाडा ना कठडा. मांडीवर ठेवला तर आईला हनुवटी आणि छतावरचा पंखा दिसायचा. म्हणजे फोन धरायलाच हवा. आणि तो बोजड तुकडा एका हातात धरला की बोटं ताणून पांढरी व्हायची, मनगट थरथरायचं आणि ताईच्या पाठोपाठ अख्खी खोली थरथरायची. इकडे ते सगळं आईच्या काडेपेटीएवढ्या काचेवर उतरायचं.

"घर म्हणाली का ती?" पहिल्या दिवशी आईने विचारलं.

घर म्हणजे दोन्ही तळवे बोटांशी जुळवून केलेलं छप्पर. ताईचा एकच हात मोकळा होता. पडद्यावर छपराची एक उतरण आली आणि गेली.

"हो आई. घर आठवतं म्हणाली," रेडिओ म्हणाली.

"अर्धं घर," आई म्हणाली.

एका हाताने टाळी वाजत नाही हे शाळेत शिकवतात. एका हाताने आणखी काय काय होत नाही ते त्या आठवड्यात रेडिओला कळलं. मैत्रीण होत नाही, कारखाना होत नाही, भांडण तर होतच नाही. ताई हळूहळू जे एका हाताने होतं तेवढंच बोलू लागली. जेवले. बरी. हो. झोपते. टाकीवरच्या मांजराची बित्तंबातमी सांगणारी ताई चार शब्दांवर आली. मग मनगट दुखायला लागलं की हात हलवून बंद.

"ऐकू येत नव्हतं माझ्या पोरीला," आई पीठ मळता मळता, कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाली. "पण मुकी ती कधीच नव्हती. आता झाली."

"मेसेज लिहिते की ती," बाबा म्हणाले. "काल केवढा मोठा लिहिला होता."

"लिहिलेलं वाचून ती आहे एवढं कळतं. कशी आहे ते नाही कळत."

रेडिओकडे एरवी प्रत्येक गोष्टीवर उत्तर असायचं, पण तिने भाजी निवडायला घेतली. आपण नको ते काम मागून घेतोय हे तिच्याही लक्षात आलं.

शुक्रवारी ताईचा फोन आला तेव्हा तिचा चेहराच वेगळा होता. गाल लाल, डोळे चमकत. काहीतरी घडलं होतं आणि ते एका हातात मावेना. तिने सुरुवात केली, थांबली, पुन्हा केली, वैतागली, आणि शेवटी भान विसरून तिचा दुसरा हातही वर आला.

पडद्यावर पंखा गरकन फिरला. मग खाटेचा लोखंडी दांडा. मग काळोख.

आईने फोन कानाला लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने ताईचा फोन कानाला लावला होता. "हॅलो? हॅलो?" ती म्हणत होती, आणि बाबा तिच्या हातातून तो हळूच सोडवून घेत होते.

अर्ध्या तासाने खोलीतल्या कुणाच्या तरी नंबरवरून मेसेज आला. फोन पडला. काच तडकली. मी बरी आहे, काळजी करू नको.

"मोठी काच," बाबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

"रविवारी जायचं आणि तिला घेऊन यायचं," आई म्हणाली. तिने कपाटावरून मोठी रिकामी बॅग काढली, झटकली आणि दाराशी ठेवली. "अट ठरली होती."

रेडिओ त्या बॅगेकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर मात्र दुकानाचा कोपरा होता. डाव्या मुठीत बसलेला बुटका फोन आणि उजव्या हाताचं 'हा'. त्या 'हा'च्या पुढे काय होतं ते आता दिवसासारखं लख्ख होतं. मोठी काच हवी होती बघणारीकडे. बोलणारीला हवा होता एका हातात मावेल एवढा फोन. ताई नेमकं हेच सांगत होती. ताईच्या हातांचं बोलणं जगाला सांगायचं काम जिचं, तीच मुद्दा चौथा करत बसली होती.

तिला कुणी विचारलं नव्हतं. न सांगता खपून गेलं असतं.

"आई," ती म्हणाली, "दुकानात ताई लहान फोन मागत होती. ती बोलत होती आणि मी... मी मान फिरवली. आणि मोठा आवडलाय असं मनानेच सांगितलं."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग नजर काढली. त्यानंतर रविवारपर्यंत ताट वाढलं गेलं, गणवेश घडी करून मिळाला, पण आईचे डोळे काही मिळाले नाहीत. बसमध्येही आई खिडकीशी बसून बाहेरच बघत होती. बाबांना शेजारी बसायला जागा मिळाली तरी ते उभे राहिले, आणि मधूनमधून रेडिओच्या डोक्यावर हात ठेवत राहिले. रेडिओ बंद होता. बाबांनाच सहन होईना. "काहीतरी बोल गं," ते म्हणाले. तिने मान हलवली.

वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. ताई धावतच आली आणि दोन्ही हातांनी जी सुटली, की धरण फुटावं! शुक्रवारी काय झालं होतं ते आत्ता कळलं. खालच्या खाटेवरच्या मुलीला ती खुणा शिकवत होती. आधी झोप, पाणी, दिवा बंद. मग सगळ्यांना नावं. आणि शुक्रवारी त्या मुलीने कारखान्यात, अख्ख्या रांगेसमोर, तिला लांबून विचारलं होतं, "घरी चलायचं का?" घर म्हणजे वसतिगृहातली ती खोली. "लांबून, आई! आवाजाशिवाय! सगळ्या मशिनी चालू असताना! तिच्या मैत्रिणींना ओरडून ऐकू येत नव्हतं आणि आम्ही दोघी आरामात बोलत होतो!"

तेवढ्यात तीच मुलगी दारात डोकावली. आईकडे बघून तिने अंगठा ओठांशी नेला आणि मान वाकडी करून प्रश्न केला. पाणी हवं का? खूण जरा तिरकी होती, पण होती घरचीच. ताई तीन वर्षांची असताना तापात पडली होती, तेव्हा आईने घडवलेली.

आईचा चेहरा पडला. "आमच्या खुणा," ती पुटपुटली. मग तिने बॅग पुढे ओढली, चेन उघडली आणि हातांनी म्हणाली, "पुरे झालं. कपडे भर. चल घरी."

ताईने डोळे मिटले.

आईचे हात 'घरी'वर तसेच हवेत राहिले, छप्पर धरून. ज्या मुलीने जन्मात एकदाही समोरच्यावरून नजर काढली नव्हती ती खुर्चीत ताठ बसून होती, पापण्या घट्ट, आणि त्यांच्या कडेने पाणी येत होतं.

"हिला सांग," आई रेडिओकडे वळली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "तिला हलव आणि सांग, हे बरं नव्हे. तू समजावलंस तर ऐकेल ती."

रेडिओच्या जिभेवर निदान सहा मुद्दे होते, एकाहून एक सरस. आईच्या बाजूचे तीन, ताईच्या बाजूचे तीन. तिने सगळे गिळले.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तिचं तीच सांगेल. तू बघ फक्त."

आईने हात खाली घेतले, तशी तिची सावली ताईच्या चेहऱ्यावरून सरकली. ताईने डोळे उघडले.

"त्या दिवशी दुकानात मी सांगितलं होतं," ती सावकाश, एकेक खूण सुटी करत म्हणाली. "कुणी पाहिलं नाही. पुन्हा सांगितलं असतं तर तुला मला अडवायचं निमित्त मिळालं असतं, म्हणून गप्प बसले. मला राहायचंय. तुझा फोन मला दे, माझा तू ने. काच तडकलीय, पण फोन पुन्हा चालू झालाय, आणि बघायला मोठा आहे." मग रेडिओकडे वळून कानापाशी चिमूट बंद केली आणि तशीच धरून ठेवली. तुझा हिशेब अजून बाकी आहे, असा त्याचा अर्थ. रेडिओने मान खाली घालून नाही, वर ठेवून ते पाहिलं. शेवटपर्यंत पाहिलं.

आई उठली. तिने पर्समधून काडेपेटी काढली आणि ताईच्या हातात दिली. दिली कसली, कोंबली. तिच्याकडचा तडकलेला फोन घेतला, रिकाम्या बॅगेत टाकला आणि मागे न बघता फाटकाकडे चालू लागली. बाबांनी ताईला जवळ घेतलं, जाता जाता फोनच्या तड्यावर बोट फिरवायची संधी हुकली म्हणून उगाचच हळहळले, आणि आईच्या मागे पळाले.

बस सुटून थोडा वेळ झाला असेल नसेल, बॅग घरघरू लागली. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाबांनी रेडिओकडे पाहिलं, रेडिओने बाबांकडे. कुणीच हात लावला नाही. घरघर थांबली. पुन्हा सुरू झाली. मग आईनेच बॅगेची चेन उघडली.

मोठ्या काचेवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेल्या तिरक्या तड्यामागे, ताई दिसली. वरच्या खाटेवर बसलेली. मांडीवर उशी, डाव्या मुठीत छोटा फोन, अजिबात न थरथरणारा. ती म्हणाली, "रागावलीस?" आईने नजर काढली नाही. ताईने मोकळा हात उचलला, तळवा तिरपा केला आणि छपराची तेवढी एकच उतरण धरून ठेवली.

आईचा जबडा आवळलेला होता. तिने एका हाताने फोन मांडीवर दाबून धरला आणि दुसरा हात हळूहळू काचेजवळ नेला. तळवा तिरपा, उलट्या बाजूने.

बसला हादरे बसत होते. दोन उतरणी काही केल्या जुळेनात, मधे बोटभर फट राहतच होती. आईने हात खाली घेतला नाही.